छोट्या मालगाडीत खराखुरा माल



आजचा विषय वरवर पोरांच्या खेळाचा वाटेल, पण त्यात आपलं काम बरंच आहे. शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं की घरात खोके, काडेपेट्या, पुठ्ठे गोळा व्हायला लागतात. दिवाळीत किल्ला झाला की पायथ्याशी रूळ आणि आगगाडी हवी असते. पोरं इंजिन मन लावून करतात, चाकं रंगवतात, नंबर घालतात. मग मागचे मालाचे डबे मात्र रिकामे राहतात, नाहीतर त्यात मूठभर ज्वारी ओतली जाते. पाहणाऱ्याला ती गाडी खेळण्यातली वाटते आणि नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही.

चुकतं ते मालात. रेल्वेच्या मालडब्याला आपण वाघीण म्हणतो, इंग्रजी वॅगनवरूनच हा शब्द आलाय. वाघिणीत काय भरलंय, किती उंच भरलंय आणि कसं बांधलंय, यावरून गाडी खरी वाटते. आणि भरणं, मापणं, रचणं, बांधणं हे आपल्या रोजच्या हातचं काम आहे. म्हणून हा भाग पोरांसाठी नाही, त्यांच्या आयांसाठी, आज्यांसाठी आणि आपल्या बचत गटांसाठी आहे.

छोट्या रेल्वेचा छंद जगभर आहे. आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे एक अख्खं छोटं शहर आहे आणि त्यातून गाड्या धावतात. शाळेची सहल पुण्याला जाणार असेल तर गुरुजींना नक्की सुचवा. आपल्याला मात्र विकतचं काही लागणार नाही. पुठ्ठा, माती, काड्या, सुतळी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढं पुरे.

आधी माप ठरवू

विकत मिळणाऱ्या बऱ्याच छोट्या गाड्या खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान असतात. हा हिशेब पोरांना अवघड जातो. आपण शंभरपट लहान गाडी धरू. म्हणजे खरा एक मीटर आपल्याकडे एक सेंटिमीटर.

कोळसा, खडी वाहणारी उघडी वाघीण आतून साधारण पावणेदहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असते. आपला पुठ्ठ्याचा डबा झाला पावणेदहा सेंटिमीटर लांब, तीन रुंद, दोन उंच.

आता खरी गंमत बघा. लांबी शंभरपट कमी, रुंदी शंभरपट कमी, उंचीही शंभरपट कमी. त्यामुळे आत मावणारा माल शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लाखपट कमी होतो. एक टन म्हणजे दहा लाख ग्रॅम. म्हणून खऱ्या वाघिणीतला एक टन माल आपल्या वाघिणीत बरोबर एक ग्रॅम होतो, आणि खरे हजार लिटर पाणी आपलं एक मिलिलिटर. उघड्या वाघिणीत साधारण ५८ टन माल जातो. आपल्या डब्यात ५८ ग्रॅम. पोरांना हे एकदा कळलं की ती पुढचे सगळे हिशेब स्वतः करतात.

डबा एक, उंची वेगळी

आपल्यापैकी जिनं मापट्यानं धान्य मोजलंय तिला हे शिकवायला नको. एक लिटरचा तांब्या ज्वारीनं भरला तर वजन साधारण पाऊण किलो. तोच तांब्या कोरड्या वाळूनं भरला तर दीड किलोच्या आसपास. आणि कापसानं भरला तर पाव किलोसुद्धा नाही. भांडं तेच, वजन निराळं.

रेल्वेला वजनाची मर्यादा असते, कारण रूळ, पूल आणि चाकांचा कणा ठरावीक भारच सोसतात. म्हणून माल जितका जड तितका तो वाघिणीत कमी उंचीपर्यंत भरतात. उघड्या वाघिणीत जागा साधारण ५६ घनमीटर आणि मर्यादा ५८ टनांची, म्हणजे एका घनमीटरला जेमतेम एक टन. यावरून उंची काढता येते.

कोळसा हलका. तो काठोकाठ भरून वर थोडा ढीग आला तरी चालतो. वाळू किंवा खडी घनमीटरला दीड टन. ती दोन तृतीयांशपर्यंतच भरायची, आपल्या डब्यात तळापासून सव्वा ते दीड सेंटिमीटर. लोहखनिज घनमीटरला अडीच टनांच्या घरात. ते अर्ध्यापर्यंतही येत नाही, आपल्या डब्यात जेमतेम आठ मिलिमीटर. एखाद्या प्रदर्शनात वाघीण खडीनं शिगोशीग भरलेली दिसली, तर खरी वाघीण तशी रुळावर निघाली नसती, हे तुम्ही सांगू शकाल.

दाणा केवढा दिसतो?

ज्वारी का चालत नाही तेही मापातच आहे. ज्वारीचा दाणा सुमारे चार मिलिमीटर. शंभरपट मोठा केला तर चाळीस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या भोपळ्याएवढा. वाघीणभर भोपळे! मोहरी घेतली तर नारळ भरल्यासारखे दिसतात. राजगिऱ्याचा दाणा मोठ्या डाळिंबाएवढा होतो. खसखस त्याहून बारीक, ती लोणंदच्या बाजारातल्या मोठ्या कांद्याएवढी दिसते. रुळाखालची खडी पाच सेंटिमीटरची, म्हणजे आपल्याला अर्ध्या मिलिमीटरचा कण हवा. चहाच्या गाळणीतून गाळलेली वाळू इथे अगदी बरोबर बसते.

कोळशासाठी चुलीतला विझलेला कोळसा जुन्या फडक्यात गुंडाळून वरवंट्यानं ठेचा. गाळणीनं गाळा. गाळणीवर राहिलेले एक-दोन मिलिमीटरचे तुकडे आणि खालची भुकटी दोन्ही मिसळा, कारण खऱ्या कोळशात ढेकळंही असतात आणि चुराही. ठेचताना तोंडाला पदर बांधा, पोरांना लांब बसवा.

दोन गोष्टी जपायच्या. खाण्याचा माल, म्हणजे रवा, गूळ, धान्य, वापरलात तर मुंग्या आणि उंदीर प्रदर्शनाच्या आधीच येतील. आणि पेरणीच्या पिशवीत उरलेलं गुलाबी किंवा निळं बी रंगाला छान दिसतं म्हणून पोरांच्या हातात देऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं, ते विषारी आहे.

ढीग कसा बसतो

खळ्यावर ज्वारी ओतताना आठवून बघा. ढीग आपोआप टोकदार होतो, एका ठरावीक उतारापर्यंत वाढतो आणि मग दाणे घसरायला लागतात. प्रत्येक मालाचा उतार वेगळा. गोल गुळगुळीत दाणा लवकर पसरतो, खडबडीत तुकडा जास्त उभा राहतो. वाघिणीतही तसंच होतं. वरून यंत्रानं कोळसा सोडला की एकामागोमाग एक उंचवटे तयार होतात, कडेला माल खाली आणि मधे वर. म्हणून छोट्या डब्यात माल बर्फीच्या ताटासारखा थापू नका. चमच्यानं दोन-तीन ठिकाणी वरून सोडा आणि जसा बसेल तसा बसू द्या.

पूर्ण डबा खऱ्या मालानं भरायची गरज नसते. दोरीनं किंवा बॅटरीनं ओढायची गाडी फार जड झाली तर चढावर अडते. त्यासाठी डब्याच्या आत बसेल असा पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा खोटा तळ करा. त्यावर मधे उंचवटा ठेवा, डिंक लावा आणि वरून मालाचा पातळ थर पसरा. नंतर फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि ड्रॉपरनं हळूहळू सोडा. साबणामुळे ते पाणी वर थेंब करून थांबत नाही, दाण्यांमध्ये झिरपतं. एक दिवस सावलीत वाळू द्या. माल एकजीव होतो, पण दिसतो सुटाच.

हा तळ डब्याला चिकटवू नका. मालगाडी एका बाजूला भरून जाते आणि बहुतेक वेळा रिकामी परत येते. तळ उचलता आला तर पोरांना दोन्ही फेऱ्या दाखवता येतील.

पोती, पाइप आणि दोर

साखर, खत, सिमेंट, धान्य हा पावसात भिजणारा माल. तो बंद वाघिणीत जातो, दारं लावलेल्या. तिथे माल दाखवायचा तर एक दार अर्धं उघडं ठेवा आणि आत पोत्यांची थप्पी दिसू द्या.

पन्नास किलोचं पोतं साधारण नव्वद सेंटिमीटर लांब, म्हणजे आपलं पोतं नऊ मिलिमीटरचं. शाडूच्या मातीची बारीक गोळी करा, बोटानं चपटी करा, दोन्ही टोकं चिमटीत दाबा. करंजी मुरडणाऱ्या हाताला हे सांगायला नको. पोती एकावर एक सरळ रचू नका. एक थर आडवा, त्यावरचा उभा, जशी आपण पडवीत थप्पी लावतो. सांगलीची हळद दाखवायची असेल तर पोत्याच्या शिवणीपाशी पिवळी बोटं उमटवा, तेवढं पुरतं.

बंद वाघिणीत साधारण ५५ टन माल जातो. पन्नास किलोची अकराशे पोती. धक्क्यावर दहा हमाल असले तर एकेकाच्या पाठीवर एकशे दहा पोती, आणि ही फक्त एक वाघीण झाली. एका गाडीला अशा चाळीस-चाळीस वाघिणी असतात. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरचं कुणीतरी मालधक्क्यावर राबलंय. पोरानं दोन सेंटिमीटरच्या दारात वीस पोती रचली की त्याला आजोबांची पाठ का दुखायची ते कळेल.

लोखंडी पाइप, गर्डर असला माल सपाट वाघिणीवर जातो. त्याला बाजूला उभे खुंट हवेत, गोल माल गडगडू नये म्हणून खाली पाचर हवी आणि वरून तारेचा दोर हवा. उदबत्तीच्या उरलेल्या काड्या पाइप म्हणून चालतात, तुरकाट्यांचे तुकडे ओंडके म्हणून. दोरासाठी सुतळीचा एकच पदर सोडवून घ्या, अख्खी सुतळी मापात जहाजाच्या दोरखंडाएवढी दिसते. बैलगाडीवर कडबा आवळताना आपण दोर जिथे फिरवतो तिथेच तो इथेही फिरवायचा.

मिरजेचे तीन रूळ

आपल्या भागातली गाडी करायची तर मिरज स्टेशन करावं. एके काळी तिथे तीन मापांचे रूळ होते. मोठा रूळ १ मीटर ६७ सेंटिमीटरचा, मधला बरोबर एक मीटरचा आणि लहान ७६ सेंटिमीटरचा. पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूरकडे जाणारी बार्शी लाइटची गाडी त्या लहान रुळावरून जायची. आपल्या मापात हे रूळ झाले पावणेदोन सेंटिमीटर, एक सेंटिमीटर आणि पाऊण सेंटिमीटर. शेजारी शेजारी लावले की फरक लगेच दिसतो.

एका रुळावरची वाघीण दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नाही. म्हणून माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. पोतं तेच, पण दोनदा उचलायचं. आता हे सगळे मार्ग मोठ्या रुळाचे झालेत. मिरजेच्या देखाव्यात दोन गाड्यांच्या मधे पोती आणि चार माणसं ठेवलीत, तर रुंदी बदलण्यासाठी एवढा खटाटोप का केला असेल ते वेगळं सांगावं लागत नाही.

उंच भार आणि कलंडणं

गाडी तयार झाली की एक प्रयोग जरूर करा. दोन सारखे डबे घ्या. दोन्हींत पन्नास-पन्नास ग्रॅम वजन ठेवा. एकात तळाशी सपाट, दुसऱ्यात काड्यांची उंच मोळी करून वरच्या टोकाला. दोन्ही डबे एका फळीवर आडवे ठेवा, पुढून काडी लावा म्हणजे घसरणार नाहीत, आणि फळीची एक बाजू हळूहळू उचला. वजन सारखं असूनही उंच भाराचा डबा आधी कलंडतो.

ऊस तोडणीच्या दिवसांत साताऱ्या-सांगलीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आपण रोज बघतो. ट्रॉलीच्या वर माणूसभर ऊस रचलेला असतो आणि कधी कधी त्या मोळ्यांवर तोडणीवाली बाई लेकराला घेऊन बसलेली असते. एक चाक चरात गेलं की काय होतं ते फळीवरच्या डब्यानं दाखवून दिलं. हा प्रयोग गटाच्या बैठकीत करा. ट्रॉली भरणाऱ्या, चालवणाऱ्या घरच्या माणसांना बोलावून करा. भाषणापेक्षा तो डबा पडताना दिसला की माणूस ऐकतो.

न दिसणारा माल

आता शेवटची वाघीण, टाकीची. तिच्यातला माल दिसतच नाही. मग तो खरा कसा करायचा? मापानं.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नव्हतं. राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात टाकीच्या वाघिणी धुऊन स्वच्छ केल्या आणि मिरजेला आणल्या. तिथे कृष्णेचं पाणी भरून ११ एप्रिलला दहा टाक्यांची पहिली गाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पुढे पन्नास टाक्यांची गाडी जाऊ लागली. एका खेपेला २५ लाख लिटर. वर्तमानपत्रांनी तिला जलदूत म्हटलं.

२५ लाख हा आकडा ऐकला की समुद्र डोळ्यांसमोर येतो. आता तो आपल्या मापात आणा. एका टाकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे आपले पन्नास मिलिलिटर. लहान मुलांच्या औषधाची साठ मिलीची बाटली आडवी केली की टाकी झाली. स्वच्छ धुऊन घ्या, पन्नास मिली पाणी मापून भरा, बूच घट्ट लावा. आपल्या गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे दोन लहान चमचे. असे पाच टँकर एका टाकीत.

पन्नास बाटल्या झाल्या की एकूण पाणी अडीच लिटर. आता भागाकार करा, पण खऱ्या आकड्यांचा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८२ हजार होती. २५ लाख लिटर एवढ्या माणसांत वाटले तर माणशी साडेसहा लिटर. आपल्या कळशीत साधारण दहा-बारा लिटर मावतात. पन्नास वाघिणींची अख्खी गाडी आली, तरी एका माणसाच्या वाट्याला एक कळशी भरत नाही. त्यात पिणं, रांधणं आणि लेकराचे हातपाय धुणं.

जनावरांचा हिशेबही करून बघा. एका मोठ्या जनावराला दिवसाला पन्नास लिटर धरले, तर एक टाकी हजार जनावरांना एकच दिवस पुरते. छावणीत राहिलेल्या बायकांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

ती गाडी ज्या रुळांवरून गेली ते रूळ कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड या स्टेशनांवरून जातात. तोही पट्टा दुष्काळीच. माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या आपल्या सगळ्या मैत्रिणींना टँकरची वाट बघणं माहीत आहे. रेल्वेनं पाणी आणणं त्या वेळी गरजेचंच होतं, त्यानं लोकांना धीर आला. पण एवढं इंजिन, एवढे डबे, एवढी माणसं लावून माणशी किती मिळालं, हे बाटल्या मांडल्या की दिसतं. शेततळं, बंधारा, नाल्याचं खोलीकरण यांवर ग्रामसभेत बोलताना हा देखावा टेबलावर ठेवा. हजार घनमीटरचं शेततळं म्हणजे दहा लाख लिटर, म्हणजे अशा वीस टाक्या. तेवढं पाणी आपल्याच शिवारात थांबू शकतं.

पुढच्या बैठकीत

गटाच्या पुढच्या बैठकीत एक तांब्या, एक वजनकाटा, थोडी ज्वारी, थोडी वाळू आणि थोडा कोळसा घेऊन बसा. प्रत्येक मालाचं तांब्याभर वजन लिहून काढा. मग पोरांना सांगा की उघड्या वाघिणीत घनमीटरला साधारण एक टनच जातो, आणि प्रत्येक माल किती उंच भरायचा ते त्यांच्याकडून काढून घ्या. ज्या मैत्रिणींना लिहिता येत नाही त्यांनी आधी हातानं तोलून अंदाज सांगावा, मग काट्यावर बघावं. त्यांचा अंदाज बहुतेक वेळा काट्याच्या जवळ येतो, आणि ते पोरांसमोर होऊ द्या.

खरी मालगाडी दाखवायला पोरांना न्यायचं असेल तर फलाटावरून दाखवा, रुळांवर किंवा उभ्या वाघिणीजवळ नेऊ नका. उभी गाडी कधी हलेल सांगता येत नाही.

शाळेतल्या प्रदर्शनात तुमच्या गटानं भरलेली गाडी असेल तर आम्हाला रेडिओवर जरूर कळवा. कुठला माल भरला, किती उंच भरला आणि काय वापरून केला, ते आपण पुढच्या एखाद्या भागात तुमच्याच आवाजात ऐकू.